एका मनगटापुरतं घड्याळ

आमच्या कॉलनीत अजून असा समज आहे की मी घड्याळं दुरुस्त करते. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या काकू भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या. "तुझं कामच आहे ते, बघ जरा." मी म्हटलं, "काकू, मी घड्याळाची फक्त तबकडी करते, आणि तीही हातात धरता येत नाही अशी." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ काळजीनं बघितलं आणि म्हणाल्या, "मग सेल तरी बदलून दे." सेल बदलून दिला, घड्याळ चालू झालं आणि माझी कीर्ती दोन गल्ल्या पुढे गेली. त्यानंतर आणखी चार घड्याळं आली.

तेव्हा आधी माझं काम काय ते सांगून टाकते. हल्ली लोकांच्या हातात जी स्मार्ट घड्याळं असतात ती बंद असली की नुसती काळी काच असते. मनगट वर केलं की त्या काचेवर आकडे उमटतात. ते आकडे कसे दिसावेत, किती जाड असावेत, कुठे बसावेत, त्यांच्याशेजारी आणखी काय असावं, हे कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलेलं असतं. मोबाईलवरचा फोटो जसा आपण बदलतो, तशी ही तबकडीही बदलता येते. घड्याळाच्या कंपन्यांची ऑनलाइन दुकानं असतात, त्यात अशा तबकड्यांचा ढीग असतो. त्या ढिगात काही माझ्या आहेत, सांगलीत विश्रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून केलेल्या.

माझ्या तबकड्यांवर फार काही नसतं. वेळ, आणि फार तर अजून एखादी गोष्ट. आमचे हे म्हणतात, "तू नसलेल्या वस्तू विकतेस." पण त्याला कारण आहे. ह्या कामाआधी मी सांगलीतल्या एका छापखान्यात हळदीच्या पुड्यांची आणि बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं करत होते. लेबलावर देवी पाहिजे, तिच्यामागे सूर्याचे किरण पाहिजेत, कोपऱ्यात मालकांच्या वडिलांचा फोटो, दुसऱ्या कोपऱ्यात नातवाचा, शिवाय पदक, कमळ आणि तीन भाषा. जरा कुठे मोकळी जागा राहिली की मालक त्यावर बोट ठेवायचे, "इथं काय कमी पडलं व्हय?" इतकी वर्षं भरून भरून माझे हात दमले होते. काळी काच बघितली तेव्हा वाटलं, चला, इथे तरी गर्दी करायला नको.

गर्दी न करायला दुसरंही कारण असतं, आणि ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. अशा घड्याळात काचेचा जेवढा भाग काळा, तेवढा भाग विझलेला असतो, म्हणजे तेवढी बॅटरी वाचते. मनगट खाली असताना तबकडी मंद होते, चार बारीक ठिपके जळावेत तेवढीच, आणि तेच आकडे त्याच जागी राहून काचेवर डाग पडू नये म्हणून ते मधून मधून केसभर सरकतात. शिवाय माणूस घड्याळाकडे किती वेळ बघतो? एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्कूटरचं हँडल, तेवढ्यात एक नजर. त्या एका नजरेत जे कळलं नाही ते नसल्यात जमा. खोलीत बसून काढलेले नाजूक आकडे सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात गायब होतात. म्हणून नवीन तबकडी झाली की मी भर दुपारी गच्चीवर जाऊन हात वर-खाली करत उभी राहते. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी एकदा आमच्या ह्यांना विचारलं होतं, "ताईंची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे, पण जीव थाऱ्यावर नसतो हे खरं. मी मुळातच धास्तीखोर. लेबल चुकलं तर मालक येऊन टेबलावर आपटायचा आणि प्रकरण मिटायचं. इथे तबकडी कुणाच्या मनगटावर गेली, त्यानं ती बघून काय केलं, गाडी चुकली की औषध चुकलं, काही कळत नाही. दुकानात माणसं तारे देतात, एक ते पाच, तेवढीच खबर. परदेशातल्या एकानं मला एक तारा देऊन लिहिलं होतं, ह्यावर काहीच नाही. अरे बाबा, तेच तर घेतलंस ना?

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी, लेबलांच्या काळातले ओळखीचे, मुलीनं दिलेलं घड्याळ घेऊन आले. त्यांना तबकडीवर कुलदैवत, स्वतःचा फेट्यातला फोटो, बेदाण्याचा भाव, हवेतला दमटपणा, पावसाचा अंदाज आणि सेकंदकाटा पाहिजे होता. मी कागदावर घड्याळाएवढा गोल काढून दाखवला. "काका, ह्यात एवढी मंडळी राहायची कशी?" "आवं, एसटीत राहत्यात की." म्हटलं ठीक. सगळं घालून दिलं. आठवड्यानं परत आले. "ताई, ह्यात वेळ कुठं हाय?" मी म्हटलं, "तुमच्या फेट्याच्या मागं." मग एकेक गोष्ट त्यांनीच उतरवायला सुरुवात केली. भाव फोनवर कळतो, फोटोवरून बायकोच चिडवते, देव दुकानात आहे. शेवटी वेळ आणि ढगाची एक खूण राहिली, कारण शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली असताना अवकाळी पाऊस आला तर वर्षाचं काम मातीत जातं. मला वाटलं, काय सुंदर तबकडी झाली. त्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "ताई, जेवताना बघतोय, दाढी करताना बघतोय, हिच्याशी बोलताना बी बघतोय. तुमच्या ढगानं माझं बीपी वाढवलं." तेव्हा मी हसले होते. पण एकच गोष्ट ठेवली की माणूस तिच्याकडेच बघत बसतो, हे तिथेच नीट ध्यानात घ्यायला हवं होतं.

सुरेखाचा पहिला निरोप दुकानातल्या प्रतिक्रियांमध्ये आला. माझी 'मोकळं' नावाची एक तबकडी आहे, मधोमध वेळ आणि खाली बारीक तारीख. तिच्याखाली मराठीत लिहिलं होतं, 'आबांनी हे घड्याळ पहिल्यांदाच हातातून काढलं नाही. पण ताई, खालची तारीख काढता येईल का? लय अर्जंट आहे.'

लोक मला अजून काहीतरी घाला म्हणून सांगतात. काढा म्हणणारं हे पहिलंच माणूस. आणि तारखेत अर्जंट ते काय? मी माझा नंबर कळवला, तिचा फोन आला. सुरेखा शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. घर हायवेपासून आत, खंडाळा तालुक्यातल्या एका छोट्या गावात. नवरा संदीप लष्करात हवालदार, तिकडे उत्तरेत. आबा म्हणजे सासरे. तेही लष्करातलेच, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सासूबाई नाहीत. अलीकडे आबांना विसर पडायला लागला होता. घर ओळखायचे, सुरेखाला ओळखायचे, पण मधली वर्षं पुसली गेली होती. आपण अजून नोकरीत आहोत आणि रजेवर गावी आलो आहोत, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

सुरेखा कामावर गेली की आबा कुठे आहेत हे तिला फोनवर दिसावं, म्हणून संदीपनं लष्कराच्या कॅन्टीनमधून ते घड्याळ आणलं होतं. पण कंपनीच्या तबकडीवर उड्या मारणारं हृदय, पावलं, कॅलरीच्या ज्वाळा, निरोप. "ह्यो काय तमाशा हाय व्हय हातावर?" म्हणून आबा ते काढून ठेवायचे. माझी तबकडी लावल्यावर घड्याळ मनगटावर राहिलं.

"मग तारखेनं काय बिघडलं?" मी विचारलं.

"तारीख बघितली की त्यांची रजा संपती, ताई."

रजा संपली की आबा माळ्यावरची काळी लोखंडी पेटी काढायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे आणि फाट्याकडे चालू लागायचे. शेजारच्या हौसाकाकू दिवसभर लक्ष ठेवायच्या, पण त्यांचंही म्हातारपणच. फाट्यापलीकडे हायवे. तिथे ट्रकच्या वेगाला कोण माणूस आणि कोण कुत्रं हे बघायला सवड नसते.

मी तारीख काढली. एखादी तबकडी दुकानात न मांडता एकाच खात्यावर पाठवायची सोय असते, तशी ती सुरेखाच्या खात्यावर पाठवली. त्या दिवसापासून माझ्याकडे एका मनगटापुरतं एक घड्याळ झालं, आणि माझ्या डोक्याला एक कायमचा घोर लागला.

आठवडाभर बरं गेलं. मग सुरेखाचा फोन. "आता दिवसभर इचारत्यात, रजा कवापर्यंत हाय. मी घरी असले की सांगते, हाय अजून. मी नसले की हौसाकाकूंना इचारत्यात. त्या म्हणत्यात, मला काय ठावं. की झालं, काढली पेटी." मग म्हणाली, "ताई, तारखेच्या जागी 'रजा मंजूर' असं लिहा की."

मी हो म्हणाले नाही. दुसरा दिवसही टाळाटाळीत घालवला. आमचे हे म्हणाले, "गुळातून औषध देतात ना, तसं समज." मी म्हटलं, "गुळात औषध असतं. ह्यात काय आहे? नुसतं खोटं." खरं सांगायचं तर खोटं बोलण्यापेक्षाही मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. ज्या माणसाच्या हातातून सगळं सुटत चाललंय तो एका काचेवर विसंबणार, आणि त्या काचेवरचं अक्षर मी लिहिणार. माझं काम अक्षर ठळक करायचं, ते खरं करायचं नव्हे. पण पलीकडे हायवे होता. मी लिहिलं, 'रजा मंजूर'.

आणि काय सांगू, गुण आला. सुरेखानं फोटो पाठवला, आबा पारावर बसून म्हाताऱ्यांना मनगट दाखवतायत. पेटी माळ्यावर गेली. जेवण जाऊ लागलं. मी इतकी खूश झाले की दोन-चार ठिकाणी सांगितलंसुद्धा, बघा, दोन शब्दांनी काय होतं. माझ्या आयुष्यात मी स्वतःची एवढी बढाई क्वचितच मारली असेल. लगेच दृष्ट लागली.

त्या दुपारी सुरेखाचा फोन आला तेव्हा मागे मोटरसायकलचा आवाज होता. कुणाच्या तरी मागे बसून ती बोलत होती. "ताई, आबा हायवेवर दिसत्यात. फोनात ठिपका पुढं पुढं चाललाय. ताई, घड्याळावर कायतरी लिहा. थांबा म्हणून लिहा. तुमी लिहिलेलं ऐकत्यात ते."

ठिपका तिला दिसत होता, पण नवीन तबकडी त्या घड्याळात उतरायला ते घरात चार्जिंगला लावावं लागतं. हायवेवर चाललेल्या माणसाच्या मनगटावर मी काही म्हणता काही लिहू शकत नव्हते. हे मला माहीत होतं, आणि तरी मी टाइप केलं, 'थांबा'. पाठवलं. परत पाठवलं. कानाशी फोन होता, त्यातून फक्त वारा ऐकू येत होता. देवाचं नाव घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.

शेवटी सुरेखाचा आवाज आला, धाप लागलेला. "घावले, ताई." मोठ्या रस्त्याच्या कडेला, एका ढाब्यासमोर, आबा पेटीवर हात ठेवून उभे होते आणि हिरव्या रंगाचा दिसेल तो ट्रक हात करून थांबवत होते. सुरेखानं हाताला धरल्यावर तिला समजावल्यासारखं म्हणाले, "सुरेखा, एवढी रजा कुणाला देत्यात का? मला काढून टाकलं का भगोडा ठरवलं, येवढं साहेबांना इचारून येतो."

आता लिहिताना हे किती साधं वाटतं. पण सुरेखाला लग्नापासून रजा ह्या शब्दासारखा गोड शब्द माहीत नव्हता. फोनवर नवऱ्याकडून हाच एक शब्द ऐकायला ती महिने काढत होती. आणि मी तिच्या कानानं ऐकलं. जी रजा संपतच नाही ती शिपायाला शिक्षा वाटेल, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. दिवसातून शंभरदा मनगट वर करून तो माणूस 'रजा मंजूर' वाचत होता आणि दर वेळी आतून खचत होता. तासगावच्या काकांचा ढग मला तेव्हा आठवला.

संध्याकाळी सुरेखानं परत फोन लावला. "आबांना बोलायचंय. मी सांगितलं, ऑफिसातनं मॅडम हायत." मी नको नको म्हणेपर्यंत पलीकडून खणखणीत आवाज आला.

"मॅडम, सुभेदार बोलतोय. रजा नको. ड्यूटी लावा. कुठं बी लावा."

मी म्हटलं, "आबा, घराची लावली तर चालंल का?"

"हुकूम हाय तर चालंल की. पर लेखी पायजे."

लेखी दिलं. वर लष्करी पद्धतीची चोवीस तासांची वेळ, मध्ये ठिपके नाहीत, चारी आकडे सलग. खाली दोन शब्द, 'ड्यूटी – घर'. मी केलेल्या सगळ्या तबकड्यांत ही सगळ्यात बेढब. आकडे जाडजूड, अक्षरं मला लाज वाटावी इतकी मोठी. मंद झाल्यावर मी वेळ सोडून सगळं विझवते, तो माझा नियम, इथे तोही मोडला, कारण आबांनी कधीही बघितलं तरी ते शब्द दिसायला हवे होते. बॅटरी भराभर जायची. आबा आंघोळीला गेले की सुरेखा घड्याळ चार्जिंगला लावायची आणि टॉवेल घेऊन बाहेर यायच्या आत परत मनगटावर बांधायची.

आबा फाटकावर उभे राहू लागले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी. येणाऱ्याला नाव, गाव, काम विचारायचं, मनगट वर करून वेळ बघायची, मग आत सोडायचं. पोस्टमन, गॅसवाला, हौसाकाकू, सगळे सांगायचे. गाव लष्करातल्या माणसांचं, त्यामुळे कुणी हसलं नाही. पेटी परत खाली आली नाही. मी मात्र आता बढाई मारली नाही. फोन वाजला आणि सुरेखाचं नाव दिसलं की मी हातातलं काम टाकून धावायचे, आणि ती म्हणायची, "काय न्हाई ताई, सहज केला."

ह्या वर्षी कंपनीचा मेल आला. जुन्या पद्धतीनं केलेल्या तबकड्या आता बंद होणार, नवीन पद्धतीनं पुन्हा करा. आमच्या धंद्यात हे अधूनमधून होतं, लोक कुरकुरतात आणि पुन्हा करतात. पण नवीन पद्धतीची तबकडी आबांच्या घड्याळात चालणार नव्हती, ते मॉडेल जुनं झालं होतं. म्हणजे एखाद्या सकाळी चार्जिंगला लावल्यावर घड्याळ स्वतःच स्वतःला सुधारून घेणार, म्हणजे अपडेट होणार, आणि आबांच्या मनगटावर परत ते उड्या मारणारं हृदय आणि तारीख. सुरेखानं सुधारणा बंद करून ठेवली, पण घड्याळ रोज विचारायचं, आता करू का? आणि आबांचा अंगठा कुठेही पडायचा. मी कंपनीला लिहिलं, एका म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे, एवढं एक घड्याळ सोडा. मशीनचं उत्तर आलं, संपर्क केल्याबद्दल आभार, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

नवीन घड्याळ संदीपनं आणलं. तो रजेवर आला होता. तबकडी मी पुन्हा करून पाठवली. खरं तर बाकीचं सगळं फोनवरून झालं असतं, पण मला चैन पडेना. हे आणि मी सकाळीच गाडीनं निघालो. कराड मागे पडलं, सातारा मागे पडलं, खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि सुरेखाचा फोन आला. त्या सकाळी आंघोळीच्या वेळी जुनं घड्याळ चार्जिंगला लावलं आणि काचेवर सुधारणेचा गोल फिरायला लागला. तिनं घाबरून तारच उपसली. तबकडी वाचली, पण घड्याळ चार्ज झालंच नाही. आता थोडीशीच बॅटरी उरलीय, आबा फाटकावर उभे आहेत आणि घड्याळ काढून देत नाहीत. काच कधीही काळी होईल.

"हळू हाणा," असं हे गाडी चालवत असले की मी आयुष्यभर म्हणत आले. त्या दिवशी म्हणाले नाही.

फाटकावर आबा होते. फोनवरच्या आवाजावरून मी मोठा देह धरून चालले होते. हे लहानखुरे, वाळके, मनगटाची हाडं वर आलेली, आणि घड्याळ शर्टाच्या बाहीवरून बांधलेलं.

"कोन? कुठनं आला?"

"सांगलीहून. सुरेखाकडं."

"काम?"

काय सांगणार? "घड्याळाचं," म्हटलं.

आबांनी मनगट वर केलं. माझ्या तबकडीवाचून ज्याचं अडतं असा माणूस तिच्याकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. भर उन्हात अक्षरं स्वच्छ दिसत होती. कोपऱ्यात बॅटरीची लाल खूणही दिसत होती. त्यांनी ओठ हलवून वेळ म्हटली आणि बाजूला झाले. "जावा."

आत संदीप होता, घरातल्या कपड्यांत, हातात नवीन घड्याळ. सुरेखा परत बाहेर गेली. "आबा, ते खराब झालंय, हे नवीन घाला."

"ड्यूटीवर हाय."

"दोन मिन्टं काढा की. बांधते लगेच."

"बदली आल्याबिगर सोडता येत न्हाई," आबा म्हणाले. रागानं नाही, तिला एवढंही कसं माहीत नाही ह्याचं नवल वाटल्यासारखं.

सुरेखानं माझ्याकडे बघितलं, मी संदीपकडे. तो आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तो पँट, पट्टा आणि पॉलिश केलेले बूट घालून. फाटकाशी जाऊन बापासमोर ताठ उभा राहिला.

"सुभेदार साब, बदली आली हाय."

आबांनी त्याला बुटांपासून वरपर्यंत बघितलं. "नाव?"

सुरेखानं पदर तोंडाला लावला. संदीपचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "हवालदार संदीप, साब."

"गाव?"

"हेच, साब."

"ह्येच व्हय?" आबांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "मग नशीब काढलंस गड्या. घरची ड्यूटी कुणाला मिळत न्हाई." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडून घड्याळ त्याच्या हातात दिलं. "नीट लक्ष ठेव. आत सून एकटीच असती."

"जी साब."

आबा वळले, दोन पावलं आले आणि थांबले. रिकामं मनगट चोळत म्हणाले, "मग मला आता काय?"

मीच पुढे झाले. "आबा, मी ऑफिसातली. फोनवरची मॅडम. तुम्हाला रजा मंजूर आहे."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "कवापर्यंत?"

"उद्या सकाळपर्यंत. सकाळी परत ड्यूटीवर यायचं."

"मग ठीक हाय," आबा म्हणाले. सोप्यातल्या कॉटवर टेकले, टोपी उशाला ठेवली आणि बघता बघता झोपले. सुरेखा म्हणाली, दुपारचे असे झोपलेले तिनं कित्येक दिवसांत बघितले नव्हते.

ते झोपेत असतानाच आम्ही त्यांच्या मनगटावर नवीन घड्याळ बांधलं. मी दोनदा काच जागी करून बघितली. शब्द होते, वेळ बरोबर होती. सुरेखानं पिठलं-भाकरी वाढली. निघताना फाटकाशी आलो तर संदीप अजून तसाच उभा.

"बसा की आता," मी म्हटलं. "झोपलेत ते."

"न्हाई ताई. उठल्यावर पैल्यांदा फाटकाकडं बघत्यात."

हे गाडी वळवून आणायला गेले होते. मला तिथे नुसतं उभं राहवेना. "तुमची रजा कवापर्यंत आहे?" मी विचारलं.

त्यानं मनगट वर केलं. आबांनी दिलेलं जुनं घड्याळ त्यानं बांधलं होतं, त्यावर अजून माझी अक्षरं होती, 'ड्यूटी – घर'.

"परवा निघायचं हाय," तो म्हणाला, आणि काच काळी होईपर्यंत त्या अक्षरांकडे बघत राहिला.